मोहाचं तेल आणि तीन स्टार

९ जून

ही डायरी वार्निशच्या दुकानदारानं दिली. तो दरवर्षी देते, आणि दरवर्षी तिच्या पानायवर सुलताना कोथिंबीर निवडते. यंदा मी हिसकून घेतली. पन्नाशी कवाचीच उलटली, डोक्यात जे चालते ते सांगाव कोणाले? बायकोले सांगतलं तर हसते, पोरीले सांगतलं तर ती मोबाइल पाहते. घरात आमची हिंदी-मराठीची खिचडी, पण शाळा मराठी शिकलो, म्हणून लिहाचं मराठीत.

आज दुपारी ललिताबाई इथी चामोर्शीले, माह्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात आली. गडचिरोलीले तिचा शिलाई क्लास आहे, आणि दातात सुई धरूनही ती बोलू शकते. संगं प्रफुल्ल होता, एटापल्लीचा, मोबाइल दुरुस्ती शिकवणारा. दोघायचं म्हणणं असं, की आपण पाच लहान लहान क्लासवाले, एकट्यादुकट्यानं काई निभत नाई, तर पाचही जणायनं मिळून मोबाइलवरचा एक मंच घ्याचा. 'हुन्नर' त्याचं नाव. ज्यानं त्यानं आपले धडे व्हिडिओ करून टाकाचे. कोणाचाही विद्यार्थी कोणाचेही धडे पाहीन. शेवटी स्वतः काम करून दाखवलं की प्रमाणपत्र.

मी म्हटलं, बाई, मोटर वाइंडिंग हे बोटायचं काम आहे, काचेवर बोट घासून कोणी कसं शिकन? तिनं शांतपणे विचारलं, "नूरभाऊ, मागच्या साली तुमच्याकडं किती पोट्टे होते जी?" मी पाणी आणाले आत गेलो. तीन होते. त्यातला एक पंख्याखाली झोपाले येत होता.

खरं सांगाचं तर पाणी डोक्यावरून गेलं आहे. अकरम, माहा पोरगा, हैदराबादले एसीच्या कंपनीत आहे. दर जुम्म्याले फोन करते, अब्बा, शटर पाडा अन् इकडं या, आरामात राहा. आराम मले चावते. तरी मी घरात शब्द देऊन बसलो आहे, की दिवाळीपर्यंत क्लास भरला नाई तर शटर पाडीन. म्हणून ललिताबाईले 'हो' म्हटलं. एक अट मात्र वाईट आहे. विद्यार्थी मास्तरले स्टार देतात, पाचपैकी. महिन्याच्या शेवटी ज्याची सरासरी तीनच्या खाली राह्यली तो मंचावरून बाहेर, आणि एक बाहेर गेला की बाकीच्या चौघायच्यानं मंचाचं भाडं पेलत नाई. म्हणजे माह्यापायी सगळे बुडतीन.

जेवताना सुलतानाले मांजराची गोष्ट सांगतली. मांजर वाघाची मावशी, तिनं भाच्याले सगळं शिकवलं, झाडावर चढाचं तेवढं राखलं, म्हणून तर जीव वाचला. कारागिरानं असंच राहाव. सगळं द्याव, एक हातचा राखाव. सुलताना म्हणाली, "म्हणजे मांजर लबाड होती." मी म्हटलं, हुशार होती. ती 'बरं' म्हणाली आणि मले आणखी एक रोटी वाढली.

१५ जून

व्हिडिओ काढणं सुरू झालं. उमेरा, माही पोरगी, गडचिरोलीच्या कॉलेजात जाते. ती मोबाइल धरते आणि मले शिकवते की कसं शिकवाव. अब्बा, इकडं पाहा. अब्बा, खोकलू नका. अब्बा, 'गाढवा' म्हणू नका. आता गाढवा म्हटल्याशिवाय वाइंडिंग शिकवता येते का? माह्या उस्तादानं मले दुसऱ्या नावानं कधी हाकच मारली नाई.

जळालेली मोटर खोलाची, जुनं तांबं उपसाचं, खाचा साफ कराच्या, खाचेत कागद बसवाचा, तारेच्या कॉइल भराच्या, आणि वरून बांबूची पाचर ठोकाची म्हणजे तार खाचेतून उसळत नाई. सगळं दाखवलं. फक्त एक नाई दाखवलं.

ते इथी लिहितो, कारण या डायरीले आता माह्याशिवाय कोणी हात लावत नाई. पाचर कच्ची ठोकाची नसते. ती आधी मोहाच्या बियायच्या तेलात उकळाव लागते. कच्चा बांबू पावसाळ्यात ओल पिते, मग करंट मोटरीच्या अंगाले लागते आणि मोटर जाते. बल्लारपूरच्या उस्तादानं हे मले शेवटच्या दिवशी कानात सांगतलं होतं, तेबी आजूबाजूले पाहून. म्हणून तर माह्या हातची मोटर सालोसाल चालते आणि बाकीच्यायची पोळ्याच्या आधी घरी येते. हे गुपित माह्याशिवाय कोणाले माहीत नाई. सख्ख्या भावाले नाई, अकरमलेही नाई.

शूटिंग चालू असताना सुलताना मधातच तेलाचं गंज, म्हणजे उकळाचं पातेलं, घेऊन आली आणि विचाराले लागली, पाचरी झाल्या, काढून ठेवू का? मी ओरडलो. उमेराले तेवढा तुकडा कापाले लावला. पाचरी उकळाचं काम लग्न झालं तवापासून सुलतानाकडं आहे. मी नुसत्या आणून देतो आणि म्हणतो, तेलात टाक. कायसाठी, हे तिले काय समजते? तिची एकच कटकट, की गंज चिकट होते. लग्नाच्या आधी माह्या पाचरी कधी करपत, कधी कच्च्या राहत. लग्नानंतर हाताले यश आलं.

२४ जून

धडे मंचावर चढले. प्रफुल्लचे धडे पाहाले जत्रा, मार्कंड्याले महाशिवरात्रीले असते तशी. त्यानं व्हिडिओत गाणं टाकलं आहे. माह्याकडं आठ-दहा डोस्के, त्यातल्या अर्ध्या ललिताबाईच्या पोरी. त्यायले शिलाई मशीनची मोटर समजून घ्याची आहे म्हणे.

मंचावर कोणी कोणतंही नाव घेऊ शकते. एक 'पवन सुपरस्टार' आहे. एकाचं नाव 'रानमांजर', गाव एटापल्ली. या रानमांजरानं पहिलाच प्रश्न असा टाकला, की सर, नवी तार घ्याच्या आधी जुनी तार किती जाड होती ते मोजाव लागते ना? ते तुमी सांगतलंच नाई.

खरंच राह्यलं होतं. मी लिहिलं, पुढच्या धड्यात सांगणारच होतो. मग उमेराले बसवून पुढचा धडा काढला. पण पोट्ट्याले डोकं आहे. जंगलातला कोणी असन, मास्तर चांगला भेटला नसन. त्याले प्रेमानं गाढवा म्हणावंसं वाटलं.

३ जुलै

स्वयंपाकघरातला टेबलफॅन अकरमच्या दहावीपासून मुका होता. आज पाहतो तर गरगर फिरून राह्यला. सुलताना म्हणाली, आपोआप लागला. मी जाळीतून डोकावलो. तार कशी ओळीनं बसली आहे, दोरी कशी सारख्या अंतरावर बांधली आहे. उमेराले बलावून दाखवलं, पाह, याले म्हणतात कंपनीचं काम, जुनं ते सोनं, आजकालच्या पोरायच्यानं होते का असं? उमेरा पाणी पिता पिता ठसकली. पोरीची तब्येत पाहाव लागन.

११ जुलै

रानमांजर आज माह्या मुळावरच आलं. त्यानं विचारलं, "सर, बांबूच्या पाचरीले आधी काई कराव लागते का? का तशीच ठोकाची?"

माह्या कपाळाले घाम आला. दुकानात कोणी नव्हतं तरी मी मागं वळून पाह्यलं. मग लिहिलं, तशीच ठोक. त्यानं विचारलं, नक्की ना सर? मी लिहिलं, नक्की. त्यानं हसऱ्या मांजराचं चित्र पाठवलं.

संध्याकाळच्या चहात साखर नव्हती. सुलतानाले म्हटलं, विसरली का? तर म्हणाली, काई टाकाव लागत नाई, तसाच प्या.

२२ जुलै

दिवस पालटले. माह्या धड्यायले आता पन्नासच्या वर विद्यार्थी आहेत. ललिताबाईनं फोन करून अभिनंदन केलं. न्हाव्याच्या दुकानात एक अनोळखी माणूस म्हणाला, तुमी ते मोटरवाले सर ना जी? मी दाढी दोनदा करून घेतली.

सगळ्यात गोड पोट्टा पत्रू. एटापल्लीच्या पुढं, डांबरी सडक संपल्यावर त्याचं गाव. गावात नेटवर्क नाई, शाळेमागच्या खडकावर चढलं तर येते. तो आणि त्याचे दोस्त खडकावर बसून एका मोबाइलात माहा धडा पाहतात आणि खाली उतरून हात चालवतात. त्यानं गावच्या विहिरीवरची मोटर भरून तिचा व्हिडिओ पाठवला. पाण्याची धार पडली तवा मागं बायका हसल्या. मी तो व्हिडिओ जुम्म्याच्या नमाजनंतर चार जणायले दाखवला.

पण डोकं म्हणाल तर रानमांजराचंच. सुलतानाले म्हटलं, असा शागीर्द भेटला तर दुकानाची चावी त्याच्या हातात देऊन मी निवांत डोळे मिटीन. अकरमचं मन तर इथी लागत नाई. सुलताना डाळ ढवळत होती, तिनं पदर तोंडाले लावला. म्हणाली, "खरंच द्याल चावी? का तेबी राखून ठेवाल?" मी म्हटलं, नूर मोहम्मदचा शब्द आहे. डाळ लागली.

डायरीत कोथिंबिरीचं पान सापडलं. मागच्या सालचं असन. पण हिरवं कसं राह्यलं कोणजाणे.

६ ऑगस्ट

पत्रूची मोटर जळाली.

झड लागली आहे, चार दिवस सूर्य नाई. त्यानं खडकावरून फोन केला, मधात पावसाचा आवाज. म्हणाला, सर, काऊन जळाली ते समजून नाई राह्यलं, मी तर तुमी सांगतलं तसंच केलं. मी म्हटलं, पावसाचं असंच असते. त्यानं 'हो जी' म्हटलं आणि माफी मागतली. माह्यापाशी. फोन ठेवल्यावर मी गंजातल्या पाचरीकडं पाहाचं टाळलं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघायच्या गेल्या, एक आलापल्लीची, एक मुलचेऱ्याची. स्टार झाडावरच्या बोरायसारखे टपाटप पडले. सरासरी तीनच्या खाली गेली.

रानमांजरानंही आजच स्टार दिले. तीन. खाली लिहिलं होतं, सर चांगले शिकवतात पण हातचा राखतात.

हे पोट्टं भलतंच आगाऊ आहे. मले झोप येणार नाई.

७ ऑगस्ट

ललिताबाईचा फोन. ती ओरडत नाई हेच वाईट. म्हणाली, "नूरभाऊ, मी पोरीयले शर्ट शिवाले शिकवते. काजं कराची शिकवली नाई, तर बटनं लावून काय फायदा जी?" मी म्हटलं, बाई, माह्या मोटरीत काजं नसतात. ती म्हणाली, महिना संपेपर्यंत सरासरी वर आली नाई तर मंच जाईन. तिच्या पोरी जातीन, प्रफुल्लचे पोट्टे जातीन. मग म्हणाली, तुमी विचार करा. आणि फोन ठेवला.

विचार केला. माही चूक नाई. माह्या उस्तादानं मले सात साल झाडू माराले लावला तवा हे दिलं. आणि मी ते खडकावर बसलेल्या पोट्ट्यायले फुकट देऊ? ज्यायनं एक दिवस माह्या दुकानाची फरशी पुसली नाई?

फरशी आजकाल सुलतानाच पुसते म्हणा.

९ ऑगस्ट

पत्रूच्या गावाले गेलो. का गेलो ते विचारू नका. माह्यापाशी भरलेली एक मोटर पडून होती, म्हटलं, विहिरीवर तेवढी तरी लावून येऊ. चामोर्शीवरून एटापल्लीची एसटी पकडली, आष्टी, आलापल्ली करत. कंडक्टर म्हणाला, मोटरीचं तिकीट घ्या. मी म्हटलं, ती माही शागीर्द आहे, उभी राहीन. शेवटी मोटर सीटवर बसली आणि मी उभा राह्यलो.

एटापल्लीवरून प्रफुल्लनं गाडीवर नेलं, पुढचा नाला पायी. पत्रू काठावर उभा होता. मोबाइलात दिसते त्याच्याहून लहान आहे, मिसरूड फुटून राह्यलेलं. त्यानं मोटर खांद्यावर घेतली आणि मले म्हणाला, हळू या सर, दगड निसटते.

ती विहिरीवर बसवली, मग घरी त्यानं जळालेली मोटर माह्यापुढं ठेवली. मी खोलली. काय काम केलं होतं! कागद सुरकुती नसलेला, तार कुठी मोडलेली नाई, पाचरी तर अशा तासलेल्या की एक सारखी दुसरी. इकडच्या लोकायच्या हातात बांबू लोण्यावाणी चालते. फक्त पाचरी कच्च्या होत्या, ओल पिऊन फुगलेल्या. नखानं दाबलं तर पाणी आलं.

पत्रू म्हणाला, "माहीच चूक असन जी. तुमी तर सगळं सांगतलं होतं."

तेवढ्यात त्याची माय, सोनीबाई, वडे घेऊन आली, तांदळाच्या पिठाचे, गरम. पहिला घास घेतला आणि नाकाले ओळखीचा वास आला. मोहाचं तेल. कोपऱ्यात मडकं भरून होतं. याच महिन्यात बिया फोडून काढलेलं, सगळ्या गावात प्रत्येक घरी असते म्हणे. ज्याच्यासाठी मी त्यायच्यापासून तोंड लपवत होतो ते त्यायच्याच चुलीपाशी पडून होतं, आणि ते मले त्याच तेलात वडे तळून चारत होते.

तरीही नाई सांगतलं. जिभेवर आलं होतं, वड्यासंगं गिळलं. निघताना सोनीबाईनं तेलाची एक बाटली बांधून दिली. पत्रूनं तिचं बोलणं मराठीत करून सांगतलं, माय म्हणते, तुमच्या घरच्या बाईले द्या. एसटीत ती बाटली मांडीवर घेऊन बसलो आणि रडू आलं. मोठ्या माणसानं एसटीत रडू नाई. खिडकी उघडी होती, पाऊस आहे असं दाखवलं.

१२ ऑगस्ट

ठरलं. रविवारी मंचावर सगळ्यायच्या समोर जिवंत धडा घेतो आणि पाचरीचं गुपित सांगून टाकतो. झाडावर चढाचंही शिकवतो, मग वाघानं खाल्लं तर खाल्लं.

सुलतानाले मोठ्या गंभीरपणानं जवळ बसवलं. म्हटलं, आज तुले एक गोष्ट सांगतो जी मी कधी कोणाले सांगतली नाई. पाचरी तेलात काऊन उकळतात, माहीत आहे का? ती म्हणाली, "नाई बा. काऊन?" मी सगळं समजावून सांगतलं, ओल, करंट, बल्लारपूरचे उस्ताद. तिनं दोन्ही हात गालाले लावून ऐकलं. अशी ऐकणारी बाई भेटाले नशीब लागते. शेवटी म्हणाली, "सांगा मग रविवारी. पण सगळं सांगता येईन ना तुमाले?" मी म्हटलं, माहं गुपित, मले येणार नाई तर कोणाले येणार?

१७ ऑगस्ट

कशी सुरुवात करू?

दुकान झाडून उमेरानं मोबाइल उभा केला. बाजूले शेगडी, शेगडीवर सोनीबाईच्या तेलाचं गंज. सुलतानाले दारापाशी बसवलं, म्हटलं, लागलं काई तर देजो. मंचावर शंभराच्या आसपास माणसं. ललिताबाई, प्रफुल्ल, खडकावर छत्री धरून पत्रू आणि त्याचे दोस्त.

मी म्हटलं, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. मोटरी पावसानं जळाल्या नाई, माह्यामुळं जळाल्या. पत्रू, तुही चूक नव्हती. मग पाचर तेलात सोडली आणि सगळं सांगतलं. छातीवरचा दगड उतरल्यावाणी झालं. लोकायनं टाळ्यायची चित्रं पाठवली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, विचारा, आता कोणताही प्रश्न विचारा.

पत्रूनं विचारलं, "सर, तेलातून काढाची कवा? झाली हे कसं ओळखाचं?"

मी तोंड उघडलं. आत काई नव्हतं.

उस्तादानं उकळाले सांगतलं होतं. कवा काढाची ते सांगतलं नव्हतं. त्या म्हाताऱ्यानं आपला हातचा राखला होता आणि कबरीत घेऊन गेला होता, आणि मले इतक्या सालात पत्ताच नव्हता. लग्नाच्या आधी कधी करपत, कधी कच्च्या राहत. आणि त्यानंतर? त्यानंतर मी कधी काढल्याच नाई.

मी म्हटलं, अंदाजानं. पत्रू म्हणाला, कोणत्या अंदाजानं जी? गंजात पाचर तडतडत होती. शंभर माणसं पाहून राह्यली होती. मी दाराकडं पाह्यलं.

सुलताना भिंतीले टेकून बसली होती, हाताची घडी घालून. जागची हलली नाई. मी डोळ्यानं विनवलं. तिनं डोळ्यानंच विचारलं, काय? शेवटी सगळ्यायच्या देखत मले म्हणाव लागलं, "सुलताना, कवा काढतेस तू?"

उमेरानं मोबाइल तिच्याकडं वळवला. मी सांगतलं नव्हतं.

सुलतानानं दुपट्टा सावरला. म्हणाली, "सांगीन ना. पण मंचावर मास्तरच्या जागी नाव कोणाचं आहे?" मी म्हटलं, माहं. ती म्हणाली, "एकट्याचं?" पाचरीचा रंग बदलून राह्यला होता. पत्रू खडकावरून म्हणाला, सर, करपन. ललिताबाईचा आवाज आला, नूरभाऊ, हो म्हणा जी. मी हो म्हटलं. सुलताना म्हणाली, "उमेरा, लिव. सुलताना शेख आणि नूर मोहम्मद शेख. माहं आधी."

मग ती शेगडीपाशी आली, मले एका बाजूले केलं आणि शिकवाले लागली. पाचर तेलात पडली की बुडबुडे येतात, वडा तळताना येतात तसे. ते पाणी निघून राह्यलं असं समजाव. बुडबुडे बसले की लगेच काढू नका, तवाच माणूस फसते. जरा थांबा. मग दोन पाचरी काढून, गार करून, एकमेकीवर वाजवा. तिनं वाजवल्या. ठक्क. असा आवाज आला की झाली. भद्द आला की परत तेलात. पहिल्या साली हिनं माह्या कितीतरी पाचरी करपवल्या म्हणे आणि चुलीत लपवल्या, तवा हे समजलं. मले वाटत होतं उंदीर नेतात.

खडकावर पत्रूच्या दोस्तायनं बांबू वाजवून पाह्यले. ठक्क, ठक्क, इकडं ऐकू आलं. ती एकदाही 'गाढवा' म्हणाली नाई आणि सगळ्यायले समजलं.

रात्रीच्या चहात साखर होती.

२९ ऑगस्ट

पत्रूनं उकळलेल्या पाचरी ठोकून आपली मोटर परत भरली, भर झडीत चालून राह्यली. त्यानं पाण्याची धार दाखवली, सोनीबाई त्यात हात धरून उभी. आलापल्लीवाल्याचीही चालली. सरासरी चारच्या वर गेली. मंच टिकला. ललिताबाईनं पेढे पाठवले, डब्यावर लिहिलं होतं, सुलतानाबाई आणि सर. दिवाळीनंतर प्रत्यक्ष कामासाठी बारा-चौदा पोट्टे-पोट्ट्या दुकानात येणार आहेत, पत्रू सगळ्यात आधी. अकरमले फोन करून सांगतलं, शटरले मी ग्रीस लावलं आहे, वर जाते, खाली येत नाई.

रानमांजराचे मात्र तीनचे तीनच आहेत.

४ सप्टेंबर

दिला शब्द पाळाव लागते. सकाळी रानमांजराले लिहिलं, बेटा, तुनं मले वेळेवर टोचलं म्हणून मी वाचलो. चामोर्शीले ये. दुकानाची एक चावी तुह्यासाठी काढून ठेवली आहे. त्याचं लगेच उत्तर आलं, आजच येतो सर.

मी इस्त्रीचा सदरा घातला. सुलतानाले म्हटलं, पोट्टा जंगलातून येऊन राह्यला, दुपारी काई चांगलं कर. ती म्हणाली, त्याले काय आवडते ते मले चांगलं माहीत आहे. मी बसस्टँडवर गेलो. एटापल्लीची गाडी आली, लोक उतरले, म्हातारे, बायका, एक बकरी. रानमांजर काई उतरलं नाई. आलापल्लीची आली, त्यातबी नाई. एका पोट्ट्याले विचारलं, तू रानमांजर का रे? तो पळाला.

घामाघूम होऊन दुकानापाशी आलो तर पायरीवर सुलताना उभी. नवा दुपट्टा, हाताले मोहाच्या तेलाचा वास. मी म्हटलं, आला नाई तो. ती म्हणाली, आला ना. आणि तिनं तळहात पुढं केला.

"द्या."

"काय?"

"चावी. नूर मोहम्मदचा शब्द होता."

मी तिच्या हाताकडं पाहत राह्यलो. मग एकेक करून सगळं डोक्यात पेटलं. टेबलफॅन. साखर. हिरवी कोथिंबीर. तशीच ठोक. आतमध्ये उमेरा हसू दाबून दाबून लाल झाली होती. टाइप तीच करून देत होती म्हणे.

राग आला होता, खोटं कशाले लिहू. पण तो पायरीपर्यंत पोहोचलाच नाई. मी खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं स्वतःच शटर उचललं, एका झटक्यात, आणि आत जाऊन माह्या स्टुलावर बसली. इतक्या सालात त्या स्टुलावर मी दुसऱ्या कोणाले बसू दिलं नव्हतं. तिले ते बरोबर बसलं.

चहा पिताना हिंमत करून विचारलं, की आता तर सगळं सांगून झालं, माह्यापाशी काईच राह्यलं नाई, तवा त्या तीन स्टारायचं काई होईन का?

ती म्हणाली, "चार केले सकाळीच. पाचवा राखून ठेवला आहे."